तुळाजीचा धाकटा आणि माझी पोटदुखी

आमच्या अंजनवेलला पाहुणे आले की त्यांना तीन जागा दाखवायच्या असतात: टाळकेश्वराचं देऊळ, जवळचं दीपगृह आणि गोपाळगड. लहानपणी हे काम माझ्याकडे असायचं. खंदक, तट, बुरूज, आतली आंब्याची कलमं असं फिरवत मी पाठ केलेला इतिहास म्हणून दाखवायचो. आधी विजापूरकर, मग शिवाजी महाराज, मग सिद्दी. १७४५ साली सिद्दीकडून किल्ला घेतला तुळाजी आंग्रेंनी, त्यांनीच 'गोपाळगड' हे नाव दिलं. पुढे पेशवे आणि १८१८ साली इंग्रज. दोन मिनिटांत किल्ला संपायचा.

या दोन मिनिटांत एक मूल राहून गेलंय, हे मला कळलं ते जवळच्या गुहागर-चिपळूणात नाही, तर पुण्यात, रात्री दोन वाजता, मोबाइलवर एक जुनं इंग्रजी प्रवासवर्णन वाचताना.

गोष्ट १७५६ची आहे. पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्रेंविरुद्ध मोहीम काढली. सुवर्णदुर्ग गेला, या मोहिमेत अंजनवेलही गेलं आणि फेब्रुवारी १७५६मध्ये विजयदुर्गाखाली आंग्र्यांचं आरमार जळालं. त्याआधीच तुळाजी पेशव्यांच्या ताब्यात गेले होते. ते पुन्हा सुटले नाहीत, कैदेतच वारले. विजयदुर्ग पडला तेव्हा किल्ल्यात त्यांची आई, बायका आणि मुलं होती. इंग्रज आरमाराचा प्रमुख वॉटसन या कुटुंबाला भेटायला गेला. त्याच्या जहाजावर एडवर्ड आइव्ह्ज नावाचा सर्जन होता. त्यानं पुढे आपल्या पुस्तकात ही भेट लिहून ठेवली.

तो सांगतो ते थोडक्यात असं. म्हातारीनं वॉटसनला सांगितलं की आता रयतेला राजा उरला नाही, मला मुलगा उरला नाही, सुनांना नवरे नाहीत आणि पोरांना बाप नाही. वॉटसन म्हणाला, मलाच बाप आणि मित्र समजा. त्यावर सगळ्यांत धाकटा, सहाएक वर्षांचा मुलगा, पुढे आला, त्यानं वॉटसनचा हात धरला आणि हुंदके देत म्हणाला, मग तूच माझा बाप हो. वॉटसनच्याही डोळ्यांत पाणी आलं, असं आइव्ह्ज लिहितो.

आइव्ह्जनं हे आपल्या सेनापतीचं मोठं मन दाखवायला लिहिलंय, हे उघड आहे. पण मी अडकलो त्या मुलापाशी. समोर उभा असलेला माणूस आपलं घर बुडवणारा आहे, हे त्याला कळलं नसेल असं नाही. तोफा त्यानं ऐकल्या असणार. तरी त्याला त्या क्षणी एक मोठं माणूस हवं होतं, जो 'मी आहे' म्हणतोय असं कुणीतरी.

मला हे ओळखीचं वाटलं. आणि मग मी आमच्या गावाचा इतिहास नव्यानं वाचायला लागलो, किल्ले कुणी घेतले ते बाजूला ठेवून, तेव्हा घरातल्या पोरांचं काय झालं या बाजूनं.

पत्र लिहिणारा पोरगा

कोकणातल्या घराचा आधुनिक इतिहास एका ओळीत सांगायचा तर, बाप मुंबईला आणि बाकीचे गावाला. शेती तुकड्यातुकड्यांची, पावसाळ्यापुरती. मुंबईत गिरण्या आल्या, गोदी आली, आणि इथून आगबोटींतून माणसं जाऊ लागली. आमच्या खाडीच्या पलीकडे दाभोळला बोट लागायची. वर्षभरात चाकरमानी दोनदा दिसायचा, गणपतीला आणि शिमग्याला. बाकी वर्षभर दिसायची ती त्याची मनिऑर्डर.

याचा हिशेब जनगणनेत अजून दिसतो. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, महाराष्ट्रात सगळ्यांत जास्त. शाळेत असताना मला हा आकडा अभिमानाचा वाटायचा, आमच्याकडे मुली मारत नाहीत म्हणून. नंतर लक्षात आलं की हा आकडा मुख्यतः गेलेल्या पुरुषांचा आहे.

माझे आजोबा गिरणीत होते. बाबांचा जन्म १९७०चा. आजीला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे वयाच्या आठव्या वर्षापासून आजोबांना पत्र लिहायचं काम बाबांकडे आलं. हे मला बाबांनी कधी सांगितलं नव्हतं, आजीनं सांगितलं. तेही कौतुकानं, 'त्याचं अक्षर काय मोत्यासारखं!' म्हणून.

पण त्या पत्रांत काय असायचं, याचा विचार करा. दुकानदाराचे इतके देणे आहेत. गाय आटली. धाकटीला ताप आहे, औषधाला पैसे नाहीत. भावकीतल्या अमुक माणसानं बांध सरकवला. चुलतसासरे घालूनपाडून बोलले. आजी सांगायची, आठ वर्षांचा मुलगा पाटावर बसून कार्डावर उतरवायचा. घरातली प्रत्येक काळजी आधी त्याच्या हातातून जायची, मग पोस्टात. आणि उत्तर येईपर्यंतचे पंधरा दिवस ती काळजी त्याच्याकडेच असायची.

अशा मुलाला आपल्याकडे 'समजूतदार' म्हणतात. नातेवाइकांत त्याचं उदाहरण देतात. तो हट्ट करत नाही, वही संपली तरी मागत नाही. त्याला आतून काय होतंय हे विचारायची गरज कुणाला वाटत नाही, कारण त्रास देत नाही ते मूल बरं, असंच आपण धरून चालतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हा संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही, तो नुसता विरत गेला. हजारो कामगार गावी परतले. त्या संपावर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलंय, कादंबऱ्या आहेत, सिनेमे आहेत. बहुतेक मुंबईच्या चाळीतले. एसटीतून उतरून अंजनवेलसारख्या गावात आलेल्या माणसाच्या घरात पुढे काय झालं, ते फारसं कुठे येत नाही.

आमच्या घरात झालं ते असं. वर्षातून दोनदा खाऊ आणि नवे कपडे घेऊन येणारा माणूस रोज ओटीवर बसलेला दिसू लागला. वीस वर्षं घर आजीनं चालवलं होतं. कुठल्या शेतात काय पेरायचं, कुणाचं देणं आधी फेडायचं, सगळं तिला ठाऊक. आजोबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं आणि घरात त्यांना काही काम नव्हतं. बारा वर्षांच्या बाबांना पत्र लिहिण्याचंही काम उरलं नाही, कारण ज्याला पत्र लिहायचं तो समोर बसलेला. 'पत्रात मी त्यांच्याशी बोलायचो, घरी आल्यावर बंद झालं,' असं बाबा एकदा म्हणाले होते. आजोबा बोलायचे नाहीत. बोलले तर ओरडायचे. मग बाबांनीही बोलणं सोडलं.

ओकलंडची मुलं

इथे थोडं लांब, अमेरिकेत जाऊ, कारण घरातल्या मंदीचं मुलांवर काय होतं हे कुणीतरी नीट मोजलंय.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये १९३०च्या दशकात काही शाळकरी मुलांचा अभ्यास चालू होता. मुलं १९२०-२१ साली जन्मलेली. अभ्यास त्यांच्या वाढीचा होता, पण मध्येच महामंदी आली आणि अनेकांच्या वडिलांची कामं गेली. तीसेक वर्षांनी ग्लेन एल्डर नावाच्या समाजशास्त्रज्ञाला ही जुनी कागदपत्रं मिळाली. १६७ मुलांच्या नोंदी. त्यांवरून त्यानं १९७४ साली 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेट डिप्रेशन' हे पुस्तक लिहिलं.

एल्डरला दिसलेली मुख्य गोष्ट साधी आहे, पण मला ती वाचून लॅपटॉप बंद करावा लागला. पैसा गेला म्हणून मूल थेट बिघडत नाही. पैसा जातो, त्यानं आईबाप बदलतात, आणि मुलापर्यंत पोचतो तो हा बदल. काम गेलेला बाप चिडका होतो, कधी कशावर ओरडेल याचा नेम राहत नाही. नवराबायकोत ताण वाढतो. मूल पासबुक वाचत नाही, ते चेहरे वाचतं.

दुसरी गोष्ट वयाची. ओकलंडची मुलं मंदीत दहाबारा वर्षांची होती. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी बाहेर छोटी कामं केली, घरात हातभार लावला, आणि आपण उपयोगाचे आहोत ही भावना त्यांना मिळाली. एल्डरनं नंतर बर्कलीच्या, १९२८-२९ साली जन्मलेल्या मुलांचाही अभ्यास केला. ती मंदीत अगदी लहान होती, त्यांना काही करता येण्यासारखं नव्हतं. त्यांच्यात, विशेषतः मुलग्यांत, परिणाम जास्त वाईट दिसला. आणि जिथे आईबापांचं एकमेकांशी बरं होतं, तिथे घाव कमी खोल गेला.

हे वाचताना मला बाबा आणि मी असे दोघे दिसले. बाबा १९८२मध्ये बाराचे होते, ओकलंडच्या मुलांसारखे. आमच्या घरातली पुढची मंदी आली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, बर्कलीच्या मुलांसारखा.

जप्तीची दवंडी

त्याआधी खाडी ओलांडून पलीकडे जाऊ. अंजनवेलसमोरचं दाभोळ दापोली तालुक्यात येतं आणि त्याच तालुक्यात पालगड आहे, साने गुरुजींचं गाव. गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९चा. घराणं खोताचं, पण ते वैभव वडिलांच्या काळात कर्जात आणि कज्ज्यात गेलं. १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी काही दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढलं.

हे पुस्तक आपण आईच्या मायेचं म्हणून वाचतो. मीही तसंच वाचलं होतं आणि खरं सांगायचं तर लहानपणी मला त्याचा राग यायचा, कारण माझी आई तशी नव्हती. गेल्या वर्षी परत वाचलं तेव्हा त्यातलं दुसरं पुस्तक दिसलं. ते एका कर्जबाजारी घरात वाढणाऱ्या मुलाचं आहे. सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो, आईला बोलतो. जप्तीची दवंडी गावभर पिटली जाते. तेहतीस वर्षांच्या माणसाला तुरुंगात बसून हे सगळं तपशिलासह आठवतंय. आईची माया आठवते तशीच दवंडीही आठवते, दोन्ही एकाच घरातल्या आहेत.

आपण मात्र माया घेतली आणि दवंडी सोडून दिली. त्यामुळे पुढच्या पिढ्यांत एक मोजपट्टी तयार झाली. घर कसंही असो, आई चांगली असेल तर मूल चांगलं निघतं. याचीच दुसरी बाजू अशी की मुलाचं काही बिघडलं तर आईचंच चुकलं.

प्रकल्प

आता आमच्या गावाचं नाव ज्यामुळे जगात गेलं, त्याकडे. त्यातही नाव आमचं गेलं नाही, पलीकडच्या दाभोळचं गेलं. प्रकल्प अंजनवेल, वेलदूर, रानवीच्या बाजूला आणि कंपनी 'दाभोळ पॉवर'.

जून १९९२मध्ये एन्रॉन आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यात प्राथमिक करार झाला, डिसेंबर १९९३मध्ये वीज खरेदीचा. १९९५मध्ये सरकार बदललं, प्रकल्प रद्द झाला, मग फेरवाटाघाटी होऊन पुन्हा सुरू झाला. मी १९९६चा. म्हणजे मी आणि प्रकल्प बरोबरच वाढलो.

जमिनी, मासेमारीचं पाणी, यावरून विरोध पेटला होता. ३ जून १९९७ला पहाटे पोलीस वेलदूरच्या मच्छीमारांच्या घरांत घुसले. पुरुष बरेचसे समुद्रावर होते. बायकांना घरातून ओढून काढलं, लाठ्यांनी मारलं. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं जुलै १९९७मध्ये यावर अहवाल काढला आणि जानेवारी १९९९मध्ये ह्यूमन राइट्स वॉचनं मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात एका बाईची जबानी आहे. ती तेव्हा गरोदर होती. तिनं सांगितलं की तिची दीड वर्षाची मुलगी तिला बिलगली होती आणि पोलिसानं त्या मुलीला लाथेनं बाजूला केलं.

या अहवालांत अटकांचे आकडे आहेत, कलमं आहेत, करारांची माहिती आहे. ते काम त्यांनी चोख केलंय. ती मुलगी त्यात एका वाक्यापुरती येते, आइव्ह्जच्या पुस्तकातल्या त्या मुलासारखीच. ती आज माझ्याच वयाची असेल.

आमच्या घरात प्रकल्प वेगळ्या दारानं आला. बाबांना एका उपकंत्राटदाराकडे इलेक्ट्रिशियनचं काम लागलं. माझ्या आत्येचे यजमान विरोधातल्या मोर्च्यांना जायचे. दोन घरांचं येणंजाणं थांबलं. आतेभावाशी खेळायचं नाही, असं मला कुणी बोलून सांगितलं नाही. मी त्यांच्या अंगणाकडे वळलो की आई हाक मारायची, एवढंच. पाचव्या वर्षीही तेवढं कळतं.

मे १९९९मध्ये पहिला, ७४० मेगावॅटचा टप्पा सुरू झाला. वीज मंडळाला दर परवडेना, पैशांवरून वाद झाला आणि मे २००१च्या अखेरीस प्रकल्प बंद पडला. डिसेंबर २००१मध्ये अमेरिकेत एन्रॉन दिवाळखोरीत गेली. तो जगातल्या कॉर्पोरेट इतिहासातला मोठा अध्याय आहे. माझ्या इंजिनिअरिंगच्या कॉलेजात व्यवसाय-नीतीच्या तासाला आम्हाला एन्रॉन शिकवली, हिशेब कसे फुगवले ते. मी मागच्या बाकावर होतो. सरांना सांगावंसं वाटलं की सर, ती आमच्या घरामागे होती.

पोटदुखी

जून २००१ला माझी शाळा सुरू झाली आणि माझं पोट दुखायला लागलं. रोज सकाळी. रविवारी नाही. कधीकधी रात्री अंथरूण ओलं व्हायचं. हे वर्षापूर्वी थांबलं होतं, ते पुन्हा सुरू झालं. गुहागरच्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलं. शेजारणीनं दृष्ट काढली. एका नात्यातल्या काकूंनी माझ्यासमोरच निदान केलं, 'आईच अशी तापट, पोराचं काय होणार!'

आई तापट होती हे खरं. दुधाचं भांडं पडलं तरी पाठीत धपाटा बसायचा. बाबा मारायचे नाहीत, ते ओटीवर बसून समुद्राकडे बघायचे, आजोबा बसायचे त्याच जागी. त्यामुळे माझ्या मनात पुढची वीस वर्षं हिशेब पक्का राहिला: बाबा गरीब, आई वाईट.

बाबांचं काम गेलंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लहान मुलांना कशाला सांगायचं! पण जे सांगत नाहीत ते मूल स्वतः भरून काढतं, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या गोष्टीत मुख्य पात्र तेच असतं. मी असं ठरवलं होतं की मी शाळेत गेल्यापासून बाबा गप्प झाले, म्हणजे मी शाळेत जाण्याशी याचा काहीतरी संबंध आहे. मी घरी राहिलो तर सगळं पूर्वीसारखं होईल. पोटदुखी खोटी नव्हती, पोट खरंच दुखायचं. पण ती घराची राखण होती.

ती थांबली आजीमुळे. एका दुपारी ती मला वेलदूरच्या धक्क्यावर घेऊन गेली. होड्या दाखवत, शेंगदाणे सोलून देत तिनं साधं सांगितलं, 'बाबाचं काम गेलं. कंपनीच बंद पडली, सगळ्यांचंच गेलं. म्हणून त्याला बरं वाटत नाही. तू काही केलेलं नाहीस, समजलं?' मी विचारलं, मग आई का मारते? ती म्हणाली, 'तिला रात्रभर झोप नसते, बाळा.' एवढंच. दुसऱ्या दिवशी चमत्कार झाला नाही, पण दिवाळीपर्यंत मी नीट शाळेत जाऊ लागलो होतो.

हवाई बेटांतल्या काउआईवर एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशकं माग ठेवला. ज्यांच्या घरी गरिबी, भांडणं, आजारपण असं सगळं एकत्र होतं, अशा मुलांपैकी साधारण एकतृतीयांश मुलं तरीही धडधाकट मनाची मोठी झाली. त्यांच्यात पुन्हापुन्हा दिसलेली एक गोष्ट म्हणजे मुलाला धरून राहणारं निदान एक मोठं माणूस. आई किंवा बापच पाहिजे असं नाही. आजी चालते, मामा चालतो, शिक्षक चालतो. माझं ते माणूस निरक्षर होतं, आणि त्याच माणसाची पत्रं लिहून बाबा अकाली मोठे झाले होते. बाबांच्या वेळी तिला हे जमलं नव्हतं, तिच्यावरच सगळं घर होतं. नातवाच्या वेळी तिच्याकडे एक मोकळी दुपार होती.

मोकळी दुपार हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात १९९३पासून १४२० मुलांचा अभ्यास चालू होता. त्यातली चौथाई चेरोकी आदिवासी. अभ्यास चालू असतानाच चेरोकींच्या जमिनीवर कॅसिनो सुरू झाला आणि नफ्यातला वाटा जमातीतल्या प्रत्येकाला मिळू लागला. जेन कॉस्टेलो आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये मांडलं की या पैशानं जी घरं गरिबीतून वर आली, त्यांतल्या मुलांचा आक्रस्ताळेपणा, मारामाऱ्या, उलट वागणं कमी झालं, कधीच गरीब नसलेल्या मुलांइतकं. चिंता आणि उदासी यांत मात्र फारसा फरक पडला नाही. फरक पडण्यामागे मुख्य कारण दिसलं ते हे, की आईबापांना मुलांकडे लक्ष द्यायला उसंत मिळाली.

म्हणजे 'पैशानं सगळं होतं' हेही खरं नाही आणि 'पैसा नसला तरी प्रेम पुरतं' हेही नाही. प्रेमाला उसंत लागते, आणि उसंत बरेचदा पगारातून येते.

आई

हे सगळं मी शहाणपणानं लिहितोय, पण मला ते उशिरा कळलं आणि ज्या प्रकारे कळलं ते सांगायला हवं.

२०२३मध्ये माझी नोकरी गेली. एका सकाळी मेल आली, दुपारपर्यंत लॅपटॉपचा ॲक्सेस बंद. मी घरी कुणाला सांगितलं नाही. मे महिना होता, 'वर्क फ्रॉम होम आहे' म्हणून अंजनवेलला आलो. स्वतःचा जुना लॅपटॉप उघडून ओटीवर बसायचो. सुट्टीसाठी ताई आणि तिचा सात वर्षांचा मुलगा आले होते. भाचा माझ्याभोवती घुटमळायचा, त्याला किल्ल्यावर जायचं होतं. तिसऱ्या दिवशी मी त्याच्यावर ओरडलो. असा ओरडलो की माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

संध्याकाळी आई माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, 'तो विचारत होता, मामाला मी आवडत नाही का म्हणून.' मी गप्प. मग ती म्हणाली, 'नोकरी गेली ना? तुझे बाबा अगदी असेच बसायचे.'

त्या रात्री पहिल्यांदा तिनं २००१ सांगितलं. मंगळसूत्रातले मणी कधी विकले. शिलाईचं काम रात्री दोनपर्यंत कसं करायची. बाबा काहीच बोलत नाहीत म्हणून तिला वाटायचं, या माणसाला काही होऊन बसेल, आणि ती रात्री उठूनउठून ते अंथरुणावर आहेत ना हे बघायची. आठ महिने. पुढे बाबांना पनवेलला काम लागलं आणि ते महिन्यातून एकदा येणारे चाकरमानी झाले, तेव्हा कुठे ती झोपायला लागली. 'तुला मारायचे ते मला आठवतं,' ती म्हणाली. 'पण मला काय होतंय, ते तेव्हा कुणी विचारलंच नाही.'

प्रकल्पाचं पुढे काय झालं ते सरकारी कागदांत आहे. जुलै २००५मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी निघाली, २००६मध्ये वीजनिर्मिती पुन्हा सुरू झाली. आमच्या घरात काय झालं, ते त्या रात्रीपर्यंत कुठेच नव्हतं. आणि मी वीस वर्षं, एका बहुराष्ट्रीय कंपनीचं, एका वीज मंडळाचं आणि दोन सरकारांचं बिल एकट्या आईच्या नावावर फाडत आलो होतो.

आईनं मारलं ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. तीही म्हणत नाही. पण मुलाच्या मनात जे शिरतं ते घरातून शिरत असलं, तरी घरात ते कुठून आलं हे बघायला आपल्याला इतिहास लागतो. नाहीतर काकूंचं निदानच शेवटचं ठरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाच्याला किल्ल्यावर नेलं. तटावर बसून सांगितलं, 'माझं काम गेलंय. म्हणून मी चिडलो. तू काही केलं नव्हतंस.' त्यानं थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, 'मग तू आता गरीब झालास का?' मी म्हटलं, अजून नाही, शोधतोय दुसरं. तो म्हणाला, 'बरं', आणि तोफा कुठे असायच्या ते विचारू लागला.

मी त्याला नेहमीचा दोन मिनिटांचा इतिहास सांगितला. या वेळी त्यात तुळाजींच्या धाकट्याची गोष्ट घातली. 'मग त्याचं पुढे काय झालं?' त्यानं लगेच विचारलं. पाहुण्यांपैकी हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मी त्याला ग्रँट डफनं लिहिलंय तेवढं सांगितलं, की तुळाजींची दोन मुलं पुढे कैदेतून निसटली आणि मुंबईला इंग्रजांच्याच आश्रयाला गेली.

'आणि त्यांची आजी?' त्यानं विचारलं.

आम्ही उतरायला लागलो तेव्हा ऊन चढलं होतं. घरी आई नाश्त्याला थांबली होती.